चहाच्या रंगाची नदी

आपल्याकडच्या कुठल्याही सामूहिक चित्रप्रदर्शनात शिरा, दारापासून तिसऱ्या-चौथ्या चित्रात बनारसचा घाट भेटतोच. पायऱ्या, बांबूच्या छत्र्या, दोन होड्या, एक साधू आणि पाण्यात लांबवर थरथरत गेलेली सगळ्यांची प्रतिबिंबं. शेजारी केरळचं बॅकवॉटर. चित्रकाराचा मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल तर त्याच्याही शेजारी व्हेनिस. पुणे जिल्ह्यातल्या चित्रकारांनी आजवर जितके गोंडोला रंगवले असतील तितके खुद्द व्हेनिसच्या कालव्यांत मावायचे नाहीत.

मला यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. बनारस सुंदरच आहे, शिवाय घाट जलरंगात बरा जमतो, कारण निम्म्या कागदावर पाणीच असतं आणि पाणी चुकलं तरी ते पाण्यासारखंच दिसतं. वावगं वाटायला लागलं ते आमच्या गटानं यंदाच्या प्रदर्शनाचा विषय 'पाणी' असा ठरवल्यावर.

आमचा गट म्हणजे तळेगाव दाभाडे इथली हौशी मंडळी. चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून जन्म काढून आता रंगपेटी उघडून बसलेले काका. रांगोळीवाल्या काकू. टॅबलेटवर चित्रं काढणारा एक इंजिनिअर मुलगा. त्याला ब्रश धुवावा लागत नाही म्हणून बाकीच्यांचा त्याच्यावर थोडा राग आहे. आणि मी. निम्मे गावातले, निम्मे स्टेशनकडचे. तळेगावात ही विभागणी रिक्षावाल्यापासून सोयरिकीपर्यंत सगळीकडे विचारात घेतली जाते, तेव्हा चित्रकलेत का नको?

विषय निवडायला फारसा वाद झाला नाही. गणपती मागच्या खेपेला होऊन गेला होता. 'स्त्री' या विषयाला गटातल्या स्त्रियांनीच नकार दिला. पुन्हा कळशी घेतलेल्या आठ बायका भिंतीवर नकोत, म्हणाल्या. 'शहरीकरण' असं कोणीतरी सुचवलं, तर काकू म्हणाल्या, "ते खिडकीतून दिसतंच की. त्याला तिकीट कशाला?" आमच्या प्रदर्शनाला तिकीट नसतं हे त्यांना कोणी सांगितलं नाही. 'पाणी' म्हटल्यावर मात्र सगळ्यांनी माना डोलावल्या. पाण्याला विरोध करणारा माणूस सभेत सहसा नसतो.

मग पहिल्या आढाव्याला सगळ्यांनी आपापली कामं आणली, आणि सरांच्या गच्चीवर ओळीनं निळं निळं पसरलं. घाट होते. बॅकवॉटर होतं. गोव्याचा किनारा होता. स्वित्झर्लंडचं एक तळं होतं, ते कॅलेंडरवरून घेतलेलं होतं आणि कॅलेंडरवरची पानगळ तशीच राहिली होती. इंद्रायणी आणि पवना या दोन नद्यांच्या मधोमध राहणाऱ्या, दोन्हींचं पाणी पिणाऱ्या माणसांनी काढलेल्या चित्रांत या दोघींपैकी एकही नव्हती.

या निळ्याचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या शाळेत गेलेल्या प्रत्येक माणसानं एक निसर्गचित्र काढलेलं असतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, सूर्याच्या बुडातूनच निघालेली नदी, खाली येता येता रुंद होत गेलेली. काठावर कौलारू घर आणि एक नारळाचं झाड. मावळातल्या मुलांना यातले डोंगर तरी कल्पनेनं काढावे लागत नाहीत. लोकलच्या खिडकीतून लोहगड आणि विसापूर अगदी तसेच शेजारी शेजारी उभे दिसतात. नारळाचं झाड मात्र शोधावं लागतं. आणि नदी निळी. डोंगर करडे झाले तरी चालतील, घर गुलाबी झालं तरी चालेल, पण नदी निळी.

मी सरांना म्हटलं, "सर, हे तुम्हीच शिकवलंत सगळ्यांना."

सर जराही डगमगले नाहीत. "अहो, मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसायची. पुढं दहावीला त्याचे गुण वाढायचे. तपकिरी नदी काढली असती तर परीक्षकानं विचारलं असतं, हा रस्ता आहे का?"

यावर उत्तर नव्हतं. शासकीय रेखाकला परीक्षांनी या राज्यातल्या पिढ्यान् पिढ्यांच्या हातात ब्रश दिला, आणि त्यासोबत नदीचा रंगही ठरवून दिला. ज्या पेटीतून तो रंग यायचा ती बहुधा कॅमलची. १९३१मध्ये दांडेकर बंधूंनी सुरू केलेली ही कंपनी. पाण्यावाचून दिवसच्या दिवस काढणाऱ्या प्राण्याच्या नावानं जलरंग विकायचे, ही कल्पना ज्या मराठी घराला सुचली त्या घरात विनोदबुद्धी नक्कीच असणार.

खरी इंद्रायणी जुलैत चहाच्या रंगाची असते. दूध बेताचं, चांगला उकळलेला. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो उतरताना मावळची भातखाचरं, नव्या प्लॉटिंगसाठी उकरलेली माती आणि डोंगरातून काढलेला मुरूम असं सगळं सोबत घेऊन येतो. हे पाणी रंगवायचं तर बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर लागतो; निळ्याची ट्यूब उघडायचं कारणच पडत नाही. उन्हाळ्याकडे जलपर्णी पसरली की नदी हिरवी होते, इतकी की क्रिकेट खेळावंसं वाटेल. खाली आळंदीला फेस येतो तेव्हा ती पांढरी. ऑक्टोबरात पाऊस थांबला की थोडे दिवस ती परीक्षकाला मान्य होईल इतपत निळी दिसते, पण तेव्हा दिवाळी तोंडावर असते आणि सगळे चित्रकार घरच्या कामाला जुंपलेले असतात.

सरांची दुसरी अडचण वेगळी होती. "इंद्रायणी काढायची म्हणजे तुकोबा काढावे लागतात," ते म्हणाले. खरं आहे. आपल्या मनात इंद्रायणीचं एकच मंजूर झालेलं चित्र आहे: वर तरंगून आलेल्या गाथेच्या वह्या आणि काठावर डोळे मिटून बसलेले तुकाराम. देहू इथून हाकेच्या अंतरावर आहे, दिसेल त्या पत्रिकेवर ते चित्र छापलेलं आहे. त्यामुळे त्याच नदीवर कपडे धुणारी बाई किंवा मोटरसायकल धुणारा पोरगा रंगवला तर आपण काहीतरी अपमान करतोय असं वाटतं. तुकोबांना तो वाटला नसता. वाण्याचा मुलगा होता तो. काठावरचा व्यवहार त्याच्या नजरेतून सुटत नसे.

इंद्रायणीची आणखी एक गंमत चित्रात पकडता येत नाही. तिच्या उगमाकडचं पाणी लोणावळ्याला वळवणच्या तलावात अडवतात आणि नळांतून सह्याद्रीवरून खाली खोपोलीला सोडतात. टाटांचं हे वीजघर १९१५पासून चालू आहे. म्हणजे पूर्वेकडे, भीमेकडे जायला निघालेल्या नदीचा एक वाटा शंभर वर्षांहून जास्त काळ उलट्या दिशेनं घाट उतरतो आणि मुंबईत पंखे फिरवतो. इंद्रायणीचं संपूर्ण चित्र काढायचं झालं तर दादर स्टेशनवरचा पंखाही त्यात यायला हवा. इंजिनिअर मुलाला ही कल्पना फार आवडली. त्यानं टॅबलेटवर ताबडतोब काढायला घेतलं, अजून काढतो आहे.

एकाच पाण्याशी जन्मभर बसण्याचं धैर्य फार थोड्या चित्रकारांत असतं. आमच्या आढाव्यात मी आबालाल रहिमान यांचं नाव काढलं. कोल्हापूरचे, छत्रपती शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. मनात आणते तर मोठमोठ्या संस्थानिकांची भरजरी व्यक्तिचित्रं करत मुंबईत राहते. ते कोल्हापुरात कोटितीर्थ तलावाच्या काठी राहिले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हेच काढत राहिले. सकाळचं कोटितीर्थ, दुपारचं, पाऊस येऊन गेल्यानंतरचं, संध्याकाळी गुरं परतताना. १९३१मध्ये ते गेले. त्यांची जी चित्रं आज पाहायला मिळतात त्यांच्यापुढं उभं राहिलं की लक्षात येतं, की या माणसाला दुसरं पाणी नकोच होतं. तेच पाणी रोज वेगळं होत होतं, मग प्रवासखर्च कशाला?

त्याच काळात तिकडे फ्रान्समध्ये जिव्हर्नी नावाच्या खेड्यात क्लोद मोने हेच करत होता. त्यानं १८९३मध्ये घरासमोरची, रेल्वेच्या रुळापलीकडची जागा घेतली आणि ओढ्याचं पाणी वळवून तळं करायचं ठरवलं. गावकऱ्यांनी हरकत घेतली. हा बाहेरचा माणूस परदेशी झाडं लावणार, ती आमचं पाणी विषारी करणार, गुरं मरतील, वगैरे. मोनेला जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या, तेव्हा कुठं परवानगी मिळाली. पुढं त्या एका तळ्यावर त्यानं कमळांची सुमारे २५० चित्रं केली आणि ती आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. मला या गोष्टीत कमळांपेक्षा अर्ज जास्त आवडतो. रूळ, ओढा, हरकत, अर्ज, बाहेरचा माणूस: सगळं मावळातलंच आहे. सातबारा तेवढा फ्रेंचमध्ये.

काका म्हणाले, "पण तळं तर आपल्याकडेही आहे." आहे. दाभाडे सरसेनापतींच्या गावाचं तळं, अजून आहे, आणि गणपती तिथंच पोचवतात. त्यावर फिरायला येणारे लोक आहेत, कणीस आहे, बाकड्यावर बसून सुनांबद्दल बोलणारे ज्येष्ठ नागरिक आहेत. कमळांचं म्हणाल तर ठरावीक ऋतूत फुलांऐवजी निर्माल्य तरंगतं. तेही रंगवता येतंच. झेंडूचा केशरी आणि पाण्याचा शेवाळी या जोडीवर कुठलाही रंगतज्ज्ञ खूश होईल.

चित्र आणि पाणी यांचा आमच्या भागातला सगळ्यात जुना धंदेवाईक संबंध मात्र तळेगावच्या पुढं लोकलनं चार स्टेशनांवर आहे: वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. राजा रविवर्मानं १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि मुंबईत प्लेग पसरल्यानंतर १८९९मध्ये तो मळवलीला हलवला. थोड्याच वर्षांत त्यानं तो आपल्याकडच्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रित्झ श्लायखरला विकून टाकला, पण छपाई पुढं अनेक दशकं चालू राहिली. तुमच्या-माझ्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी, पाण्यात उमललेल्या कमळावर उभी असलेली, बाजूला हत्ती, ती या छापखान्याची. त्यातली मजा अशी, की दगडावरची छपाई म्हणजे शिळाछाप पाण्यावरच चालते. दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. जिथं पाणी धरलं तिथं छपाईची शाई लागत नाही, जिथं तेल आहे तिथंच लागते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, प्रत्येक प्रतीला पुन्हा ओलं करणं. लक्ष्मीचा चेहरा शाईनं उमटला हे खरं, पण चेहऱ्याची कड राखली ती पाण्यानं. मावळच्या पाण्यानं अशा किती देवी घडवल्या त्याची गणती नाही, आणि चित्रकार म्हणून पाण्याचं नाव कोपऱ्यात कुठंच नाही.

सर यावर सावळाराम हळदणकरांचं नाव घेतात. हातात समई घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं ते चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. लोक ते सर्रास रविवर्माचं म्हणून दाखवतात आणि तैलचित्र समजतात. ते जलरंग आहे, आणि चित्रासाठी हळदणकरांची मुलगीच समई धरून उभी राहिली होती. मराठी माणसानं जलरंगात केलेलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र उजेडाचं निघावं, हे सरांना आमच्या विषयाच्या विरुद्ध वाटतं. मला नाही वाटत. जलरंगात पांढरा उजेड रंगवत नाहीत, तो कागद कोरा ठेवून वाचवावा लागतो. हे ज्याला साधलं त्यानं पाणी कुठं थांबवायचं ते ओळखलं.

असो. मुद्दा इथल्या पाण्याचा होता, आणि त्या मुद्द्यावर पहिलं खरं चित्र आणलं ते काकांनी. त्यांनी टँकर काढला. सोसायटीच्या फाटकाशी मागे घेत असलेला, मागच्या टाकीवर 'पिण्याचे पाणी' असं पिवळ्या अक्षरांत, खाली लोंबणारा जाड पाइप, आणि तो पाइप टाकीच्या तोंडाशी नेऊन उभा असलेला वॉचमन. टँकरच्या मागे सांडलेल्या पाण्याची एक लांब ओली रेघ रस्त्यावरून आलेली. सर बराच वेळ ती रेघ पाहत राहिले. ओला डांबरी रस्ता रंगवणं अवघड असतं. पुण्यातले गल्लीबोळ आणि भिजलेले रस्ते मिलिंद मुळीकांनी इतके सुंदर रंगवले आहेत की त्यांची पुस्तकं पुढ्यात ठेवून निम्मा पुणे जिल्हा जलरंग शिकला. पण काकांनी पुस्तक पाहिलेलं नव्हतं. त्यांनी मार्च ते जून टँकर पाहिला होता.

यानंतर गच्चीवरचा निळा ओसरू लागला. इंजिनिअर मुलानं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा निरोप मोठा करून छापून आणला: 'उद्या पाणी येणार नाही. सर्वांनी आजच साठवणूक करावी.' खाली सत्तेचाळीस जणांचे जोडलेले हात. याला चित्र म्हणायचं का, यावर वाद झाला. सर नाही म्हणाले. काकू म्हणाल्या, "आजवरच्या सगळ्या प्रदर्शनांत मला पहिल्या नजरेत कळलेलं हे एकच काम आहे." ते ठेवलं.

पवनेचं चित्र अजून आलेलं नाही. खरं तर पवनेचा गावावर हक्क मोठा. गो. नी. दांडेकर तळेगावातच राहत. 'पवनाकाठचा धोंडी' ही त्यांची कादंबरी १९५५ची. त्यातली पवना धरणाआधीची. पुढं धरण झालं, खोऱ्यातली शेतं आणि घरं पाण्याखाली गेली, आणि खाली पिंपरी-चिंचवड नावाचं मोठं शहर त्या पाण्यावर उभं राहिलं. त्याच गोनीदांनी भाक्रा-नांगल धरणावर 'आम्ही भगीरथाचे पुत्र' लिहिली. नदीकाठी रमणाऱ्या माणसाला धरणाचंही आकर्षण वाटलं, हे मला त्यांच्या मोठेपणाचं लक्षण वाटतं. पण पवनेचं पाणी बंद नळातून शहराला नेण्याला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक शेतकरी मारले गेले. १५ जून २०२५ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला, चार माणसं गेली. कुंडमळ्याला आम्ही स्केचिंगला जायचो. नदीनं खडकात कोरलेले रांजणखळगे काढायला फार छान. हे पाणीही इथलंच आहे. त्याचं चित्र कसं काढायचं हे गटात कोणाला सुचलेलं नाही, आणि सुचलं नाही तर ते उगाच सुबक करून काढू नये, असं माझं मत आहे.

काकूंचं काम हा प्रदर्शनाचा सगळ्यात नाजूक भाग. त्या पाण्यावरची रांगोळी काढणार आहेत. ज्यांनी ही कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: मोठ्या परातीत पाणी घ्यायचं, ते पूर्ण स्थिर होऊ द्यायचं, मग चाळणीतून त्यावर कोळशाची बारीक पूड किंवा शंखजिरं भुरभुरायचं. पाण्यावर त्याचा पातळ पापुद्रा धरतो. त्यावर नेहमीच्या जमिनीवर काढावी तशी रांगोळी सोडायची. पाण्याखालचीही एक असते. तिच्यात परातीच्या तळाला मेणाचा नाहीतर तेलाचा थर देऊन त्यावर रांगोळी काढतात आणि मग काठाकाठानं पाणी ओततात. काकू दोन्ही काढतात आणि दोन्हींत श्वास रोखून धरतात. ही कला शाळांच्या स्पर्धांत आणि दिवाळीच्या मंडपात जगली, कलादालनात तिला कोणी बोलावलं नाही. कारण उघड आहे: टांगता येत नाही, विकता येत नाही, संध्याकाळी मोरीत ओतावी लागते.

आणि पंखा लावता येत नाही. यावर आमच्या दोन सभा गेल्या. पंखा लावला तर रांगोळी जाते, नाही लावला तर प्रेक्षक जातात. शेवटी ठरलं की काकूंच्या परातीपाशी पंखा बंद आणि टँकरपाशी चालू. मग काकांचं म्हणणं, सगळे लोक हवेसाठी माझ्याच चित्रापुढं उभे राहणार, ही दाद धरायची का? सर म्हणाले, धरा. दाद कुठून आली ते चित्रकारानं विचारू नये. लहान मुलांसाठी परातीजवळ 'बोट लावू नये' अशी पाटी करायची आहे. अनुभव असा की अशा पाटीनंच मुलांना बोटाची आठवण होते.

काकांचं दुसरं काम मांडणशिल्प आहे. हा शब्द ऐकून ते आधी घाबरले होते, मग आवडला. तळेगावला काचेचा मोठा इतिहास आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घराघरातून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्या पैशांतून १९०८मध्ये इथं काच कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. विलायती काच घ्यायची नाही म्हणून गावात भट्टी पेटली. काकांनी त्या आठवणीला मान देऊन टेबलावर काचेचे पेले ओळीनं मांडायचे ठरवले आहेत: नळाचं पाणी, बोअरचं पाणी, टँकरचं, आरओचं, वीस लिटरच्या जारचं, जुलैतल्या इंद्रायणीचं. प्रत्येकापुढं चिठ्ठी. शेजारी टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र, दोरीनं बांधून. ते सुपरवायझर असल्यामुळे वस्तू बांधल्याशिवाय त्यांना झोप येत नाही.

गच्चीवर त्याची तालीम केली तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या दोन बायका सहज डोकावल्या. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी स्वतःच्या घरून आपापल्या पाण्याच्या बाटल्या आणल्या. मोजलं. एकीचा आकडा दुसरीच्या दुप्पट निघाला. एकाच सोसायटीत, एकाच टाकीखाली! मग कोणाच्या फिल्टरची कँडल किती महिन्यांपूर्वी बदलली इथपासून अध्यक्षांच्या फ्लॅटला वेगळी लाइन आहे का इथपर्यंत चर्चा गेली. माझ्या जलरंगांसमोर आजवर कोणी इतका वेळ उभं राहिलेलं नाही. समकालीन कलेनं प्रेक्षकाला प्रश्न विचारायला लावले पाहिजेत असं मासिकांत लिहितात. तसं असेल तर आमच्या काकांना आता बिएनालेला पाठवायला हरकत नाही. आम्ही टेबलाला 'हे पाणी पिऊ नये' अशी दुसरी पाटी लावणार आहोत; ती इंद्रायणीच्या पेल्यासाठी आहे, पण अध्यक्षांनी ती आपल्यावर घेतली आहे.

उद्घाटनाचं अजून ठरत नाही. दीपप्रज्वलन नको, विषय पाणी आहे, असं सरांचं मत. मग जलपूजन करावं तर कलश आला, नारळ आला, आंब्याची पानं आली, आणि पुन्हा कळशी घेतलेली बाई आली. नळ सोडून उद्घाटन करावं, अशी इंजिनिअर मुलाची सूचना. कल्पना चांगली, पण सभागृहाच्या नळाला पाणी पहाटे येतं आणि तेव्हा कुठलाही प्रमुख पाहुणा उठत नाही. शिवाय पाहुण्यांसमोर टेबलावर प्लास्टिकच्या बाटल्या ठेवायच्या की तांब्या-भांडं, हा प्रश्न आहेच. तांब्या-भांडं ठेवलं तर पाहुणे पीत नाहीत. बाटल्या ठेवल्या तर भाषणात प्लास्टिकचा उल्लेख करतात आणि मग पितात.

मध्यंतरी गच्चीवर काही बनारस पुन्हा परत आले आहेत. आम्ही ते नाकारत नाही. त्यांच्या मालकांनी मेहनत केलेली असते. फक्त ते जिन्याच्या भिंतीवर लागतील. मुख्य दालनात इथलं पाणी राहील.

आणि ते अजून पुरेसं नाही. म्हणून ही विनंती. तळेगाव, वडगाव, सोमाटणे, इंदुरी, देहू, चाकण, कामशेत, कुठंही राहत असा, आणि कधी घरच्या पाण्याचं चित्र काढलं असेल तर आम्हाला द्या. गच्चीवरची काळी टाकी चालेल. भरून वाहणारी बादली चालेल. भातलावणीचं खाचर, गाडी धुतल्यावर कारखान्याच्या फाटकाशी साचलेलं डबकं, पुलावरून दिसणारी जुलैतली नदी, जलरंग, तैलरंग, पेन्सिल, फोटो, भरतकाम, काहीही. आकाराची अट नाही, निळ्याची तर नाहीच. एवढं मात्र करा: फ्रेमला मागून दोरी बांधून आणा. सभागृहाच्या भिंतीला खिळे मारायची परवानगी नाही.